वाचक विचारतात : बेलबॉटम, घेराचे फ्रॉक आणि डान्सच्या रात्री

मागच्या अंकात एका वाचकाला पँटच्या मोहरीबद्दल, म्हणजे पायाशी असलेल्या घेराबद्दल, उत्तर देताना मी ओघात लिहून गेलो होतो की, १९७० च्या सुमारास आमच्या गिरगावातल्या टेलरिंगच्या दुकानात नाताळच्या डान्ससाठी बेलबॉटम शिवून घ्यायला पोरांची गर्दी व्हायची, आणि पँट कशी बेतायची हे मी नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून शिकलो. त्या दोन वाक्यांवर इतकी पत्रं आली की शिवणाच्या बाकीच्या शंका पुढच्या महिन्यावर ढकलतो आहे. ज्यांची ब्लाउजची कटोरी बसत नाही त्यांनी थोडा धीर धरावा.

गिरगाव म्हटलं की आम्हाला गणपती आणि पाडव्याची शोभायात्रा आठवते. तिथे डान्सचे हॉल होते? आणि तुमच्यासारखी चाळीतली मराठी मुलं तिथे जायची? — एक वाचक, पुणे

होते, आणि आमच्या गॅलरीत उभं राहिलं की बँड ऐकू यायचा. ठाकुरद्वारच्या बाजूला खोताची वाडी आहे. दादोबा वामन खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात तिथले जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या इथल्याच कुटुंबांना दिले, आणि लाकडी जिन्यांची, व्हरांड्यांची घरं उभी राहिली. ही मंडळी ख्रिस्ती, पण बोलणार मराठी. शेजारी गोव्याहून आलेली कुटुंबं, समोर आमच्यासारख्या कोकणातून आलेल्यांच्या चाळी. तिथून चालत धोबीतलावला गेलं की गोवेकरांचे कूड लागत. एकेका गावाने आपल्या गावच्या खलाशांसाठी, आचाऱ्यांसाठी, वादकांसाठी मुंबईत घेऊन ठेवलेल्या खोल्या म्हणजे कूड. तिथेच फुर्टाडोचं वाद्यांचं दुकान. शाळेतून येताना काचेमागचे ट्रम्पेट बघत उभं राहणं हा आम्हा पोरांचा नेम होता.

आता ‘हॉल’. खास नाचासाठी बांधलेली जागा आमच्या भागात नव्हती. चर्चच्या शाळेचा हॉल असायचा, नाहीतर जिमखान्याचा. मरीन ड्राइव्हला कॅथलिक जिमखाना, वांद्र्याला वांद्रे जिमखाना, माझगाव-माहीमला त्यांच्या त्यांच्या पॅरिशचे, म्हणजे चर्चच्या विभागाचे, हॉल. दुपारी बाक भिंतीला लावायचे, छताला क्रेपच्या कागदाच्या झिरमिळ्या, आणि संध्याकाळी फरशीवर कॅरमची पावडर भुरभुरायची. बूट सरकला पाहिजे. चामड्याच्या तळाचा बूट पावडरीवर सुरेख वळतो. रबरी तळ जागच्या जागी अडतो आणि गुडघ्याला पीळ बसतो. म्हणून रबरी तळाचे बूट घालून आलेला मुलगा ओळखू यायचा, तो कडेला उभा असायचा.

आमच्या दुकानाचं सगळं वर्ष या डान्सवर बेतलेलं होतं. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस लेंट, म्हणजे उपासाचे. त्यात डान्स नाही, लग्न नाही. त्यामुळे लेंट लागायच्या आधी एक घाई, ईस्टरला दुसरी, मे महिन्यात लग्नांची तिसरी, आणि नाताळ ते थर्टी फर्स्ट ही सगळ्यांत मोठी. मधल्या काळात गणपती आणि दिवाळी. आमचे अण्णा कॅलेंडरवर दोन्हीकडचे सण लाल पेन्सिलीने मांडून ठेवायचे आणि त्यावरून कापड, दोरा, कॅनव्हास कधी भरायचं ते ठरायचं.

मी आत शिरलो तो कपडे पोचवायला. बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवणारे एक अंकल आमचे गिऱ्हाईक होते. त्यांचा कोट नेहमी शेवटच्या घटकेला व्हायचा, कारण ते दिवसभर सिनेमाच्या रेकॉर्डिंगला असत आणि ट्रायलला येत नसत. कोट घेऊन मला थेट हॉलवर धाडायचे. स्टेजच्या मागे उभा राहून मी पहिल्यांदा जाइव्ह, म्हणजे जोडीने करायचा वेगवान नाच, बघितला. पुढे त्यांच्याच घरातल्या थोरल्या मुलीला सरावाला जोडीदार हवा होता. तिने मला त्यांच्या मागच्या खोलीत, पलंग उभा करून, रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाणी लागली की पायऱ्या शिकवल्या. दारं-खिडक्या सताड उघड्या, आणि आंटी तिथेच मासे साफ करत बसलेल्या.

चाळीतली मुलं जायची का, तर मोजकी. ज्यांचा एखादा कॅथलिक मित्र शाळेत बाकावर शेजारी असेल, ती जायची. बाहेरच्या मुलाला कोणीतरी घरच्याने सोबत आणावं लागे आणि दाराशी उभे असलेले अंकल ‘कोणाबरोबर?’ एवढं विचारत. टाय नसेल तर परत पाठवत.

रात्र ठरल्या क्रमाने चालायची. आधी फॉक्सट्रॉट आणि वॉल्ट्झ, म्हणजे वयस्कर जोडप्यांनी फ्लोअर उघडायचा. त्यांच्यासमोर पोरांनी आधी उतरणं उद्धटपणाचं मानत. मग बँड हळूहळू वेग वाढवी, चा-चा-चा, ट्विस्ट, आणि जाइव्ह सुरू झाला की काका-मामा खुर्च्यांकडे आणि आम्ही मध्ये. मधूनच माइकवरचा माणूस ‘लेडीज चॉइस’ म्हणून ओरडे. मग मुलींनी मुलांना विचारायचं. एरवी विचारायचं ते मुलाने, आणि तेही अख्खा फ्लोअर ओलांडून, भिंतीशी बसलेल्या तिच्या आई-मावशीच्या देखत. ती ‘नाही’ म्हणाली तर तेवढाच फ्लोअर परत ओलांडायचा. मुलीच्या नकाराला मान तुकवून, हसून, मागे फिरायचं कसं हे मी तिथे शिकलो. आजच्या मुलांना ते कुठे शिकायला मिळतं, मला खरंच ठाऊक नाही.

हॉलमध्ये दारू चालायची का? — एक वाचक, नागपूर

१९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा होता. पुढे परमिटची सोय झाली, तरी शाळेच्या हॉलमध्ये फादर स्वतः फेऱ्या मारत, तिथे प्रश्नच नव्हता. आम्हाला ड्यूक्सची रास्पबेरी आणि मँगोला. काही मोठी माणसं मध्यंतरात ‘जरा हवा खाऊन येतो’ म्हणून बाहेर पडत आणि मागच्या गल्लीतल्या आंटीच्या गुत्त्याकडे वळत, हे सगळ्यांना माहीत होतं. परत आल्यावर ज्याचा पाय चुके त्याच्याशी त्याची बायको पुढचा नाच नाचत नसे.

आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या नाटकात १९७४ सालचा एक डान्सचा प्रवेश आहे. बाजारातल्या तयार बेलबॉटम आणल्या, पण त्या स्टेजवर खोट्या दिसतात. काय चुकतंय? — एक दिग्दर्शक, सांगली

कापड चुकतंय. आज मिळतात त्या पँटींत ताणणारा धागा असतो. पाय उचलला की कापड पायाबरोबर ताणलं जातं आणि घेर चिकटून बसतो. आमची टेरिकॉट ताणत नव्हती. ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सुती, असं ते मिश्रण. पाय वळला की घेर अर्ध्या क्षणाने मागून वळायचा. बेलबॉटमची सगळी शान त्या मागून येण्यात आहे. तुम्ही जाड, न ताणणारं टेरिकॉट सूटिंग घ्या आणि शिवून घ्या. तुमच्या टेलरला पुढचं सांगा.

मांडी अंगाबरोबर. गुडघ्याला १८ इंच, मोहरी २४ ते २६. मोहरी २८ पर्यंतही जायची, पण ती फक्त उंच मुलाला शोभते; बुटका मुलगा त्यात तंबूत उभा राहिल्यासारखा दिसतो. घेर गुडघ्यापासून नाही, गुडघ्याच्या दोन इंच वरून सुरू करायचा, म्हणजे पाय लांब दिसतो. कापड बेतताना लक्षात ठेवा: ५८ इंची पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मधोमध दुमडला की २९ इंच उरतात, आणि २८ इंची मोहरीचे पुढचे-मागचे भाग, शिवणीला लागणाऱ्या कापडासकट, शेजारी-शेजारी त्यात मावत नाहीत. म्हणून एक भाग सुलटा आणि एक उलटा ठेवून बेतायचा, एकाची मोहरी दुसऱ्याच्या कमरेशी. कापडावर एकाच दिशेचं डिझाइन असेल तर हे जमत नाही, जास्तीचं कापड लागतं. अण्णा पट्ट्यापट्ट्यांचं कापड घेऊन आलेल्या पोराला आधीच सांगायचे, ‘अर्धा मीटर आणखी आण, नाहीतर साधी पँट शिवून घे.’

मोहरीची कड सरळ कापू नका. पुढून पाऊण इंच वर, बुटावर टेकेल अशी, आणि मागून खाली, टाचेच्या निम्म्यापर्यंत. सरळ कापली तर पुढून कापडाची घडी पडते आणि गिरकीत जोडीदारीण तिच्यावर पाय देते. मोहरीच्या आत दोन इंचांची कॅनव्हासची पट्टी घाला. घंटा उघडी राहते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, चेन. टाचेपाशी कापड फरशीला घासून झिजायचं, म्हणून मोहरीच्या आतून पितळी दातांची चेन लावायची पद्धत होती. लांब चेन घ्यायची, पूर्ण उघडायची, दोन पदर वेगळे करायचे. एक पदर एका पायाला, दुसरा दुसऱ्याला. फीत आतून टिपेवर बसवायची आणि दात कडेखाली केसभर बाहेर राहतील असे ठेवायचे. कापडाऐवजी पितळ घासलं जायचं. वजनामुळे घेर खाली नीट पडायचा, आणि वळताना फरशीवर एक बारीक करकर उमटायची. ती करकर ऐकू यावी म्हणून काही मुलं मुद्दाम दात जास्त बाहेर ठेवायला सांगत. प्लॅस्टिकची चेन लावू नका, ती वाजत नाही.

शर्टाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे अजून मोठी चूक होते. लांब टोकांची डॉग कॉलर सगळे लावतात. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा गोल, मात्र आजच्यासारखा खोल ठेवतात. मुंढा खोल असला की हात वर केल्यावर अख्खा शर्ट पँटीतून बाहेर निघतो. जाइव्हमध्ये मुलाचा हात सतत खांद्याच्या वर असतो, मुलगी त्याखालून फिरते. मुंढा जेवढा वर आणि काखेच्या जवळ, तेवढा हात मोकळा. ऐकायला उलटं वाटेल, शिवून बघा. घाम मात्र येईल. टेरिलीन, म्हणजे पॉलिएस्टर, घाम पीत नाही. आम्ही कॉलरच्या आत हातरुमाल घडी करून ठेवायचो. तुमच्या नटांनाही ठेवायला सांगा, प्रेक्षकांतले म्हातारे ओळखतील.

तुम्ही फॅशनचं श्रेय नाचणाऱ्या पोरांना देता. आमच्या मते सगळं सिनेमातून आलं. — एक वाचक, कोल्हापूर

कोल्हापूरकरांनी सिनेमाची बाजू घ्यावी हे योग्यच. ज्या भानू अथय्यांनी १९६५ च्या ‘वक्त’मध्ये साधनाला अंगाबरोबरचा कुर्ता आणि चुडीदार दिला, त्या तुमच्याच गावच्या, १९२९ साली जन्मलेल्या, माहेरच्या राजोपाध्ये. जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकलेली ही बाई पुढे ‘गांधी’साठी ऑस्कर घेऊन आली, ते पारितोषिक मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती. ‘वक्त’ लागल्यानंतर आमच्या शेजारच्या लेडीज टेलरकडे सगळ्या मुलींची एकच मागणी असायची, कुर्ता इतका घट्ट हवा की बसताना विचार करावा लागेल. त्याआधी १९६० मध्ये ‘लव्ह इन सिमला’ आला होता. साधनाचं कपाळ रुंद होतं म्हणून दिग्दर्शकाने ऑड्री हेपबर्नसारखी बट कपाळावर कापून घेतली, आणि गल्लोगल्ली ‘साधना कट’ झाला. आमच्या चाळीत दोन वेण्यांच्या मुलींनी आईची शिवणाची कात्री घेऊन स्वतःच कपाळावरचे केस कापले आणि घरोघरी रडारड झाली.

तेव्हा सिनेमाचं देणं मी नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सिनेमाने कपडा दाखवला, पण तो अंगावर चालतो की नाही हे हॉलमध्ये ठरलं. पडद्यावरची नटी एका शॉटपुरती नाचते. वांद्र्याची किंवा गिरगावची मुलगी त्याच कपड्यात रात्री नऊपासून पहाटेपर्यंत नाचायची, मग बस पकडून घरी जायची, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन सांगायची की इथे उसवलं, इथे काचलं, इथे चढलं. आम्ही तिथे बदल करायचो. ते बदल महिन्याभरात सगळ्या टेलरांकडे पोचायचे. हे काम कुठल्याही श्रेयनामावलीत आलेलं नाही, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा लिहितो.

परक्यांच्या नाचाचं एवढं कौतुक कशाला? आपल्या मुलांना त्यामुळे काय मिळालं? — एक ज्येष्ठ वाचक, दादर

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रागाने लिहिलं आहे, पण मनापासून लिहिलं आहे, म्हणून मनापासूनच उत्तर देतो.

त्या नाचाला परकं म्हणताना ते वाजवणारी माणसं कोण होती ते बघा. गोव्यातल्या खेड्यापाड्यांत चर्चच्या शाळेत मेस्त्रीच्या, म्हणजे संगीत शिकवणाऱ्या मास्तरच्या, हाताखाली ही मुलं नोटेशन वाचायला शिकत. मुंबईला येऊन कुडात पथारी टाकत. दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत व्हायोलिन, ट्रम्पेट वाजवत, रात्री चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत, लग्नांत, हॉलमध्ये. जी हिंदी गाणी तुम्ही-आम्ही रेडिओवर ऐकत मोठे झालो, त्यांतल्या कितीतरी गाण्यांचं वाद्यवृंदाचं काम या माणसांच्या हातचं आहे. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, १९५१ च्या ‘अलबेला’त आपला बँड घेऊन पडद्यावर दिसतो. त्या सिनेमाचं संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, आणि नाचणारा भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा. तुमच्या दादरचाच की. आता मला सांगा, अनंत चतुर्दशीला लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत बेंजोवर जी पोरं नाचतात, एक हात वर, कंबर जेमतेम हलवत, त्यांनी तो नाच कुठून घेतला? भगवानदादाकडून. आणि भगवानदादाच्या पायाला ताल कोणाच्या ट्रम्पेटने दिला? मला यात परकं काही सापडत नाही.

मुलांना काय मिळालं, तर मला माझा धंदा मिळाला, एवढं मी नक्की सांगू शकतो. आमच्या चाळीतल्या एकाला गिटार मिळाली. एका सिगारेटच्या नावाने षण्मुखानंद हॉलमध्ये सिमला बीट नावाची बँडची स्पर्धा व्हायची, १९७० आणि ७१ साली तिच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. आमचा हा मित्र स्टेजवर गेला नाही, पण तिथे बघून आल्यावर गणपतीत चाळीच्या ऑर्केस्ट्रात त्याने जी गिटार वाजवली, ती ऐकायला खालच्या मजल्यावरचे कीर्तनकार आजोबासुद्धा खुर्ची घेऊन बसले होते.

सगळं मुलांचंच लिहिलंत. चाळीतल्या मराठी मुली कुठे होत्या? — एक वाचिका, नाशिक

माझी ताई घरी होती. तिला जायचं होतं. मी कोट पोचवून आलो की ती विचारायची, कोणी काय घातलं होतं, केस कसे बांधले होते, आणि मी सांगितलेलं ती वहीच्या मागच्या पानावर काढायची. अण्णांनी मला हॉलवर पाठवलं आणि तिला कधीच पाठवलं नाही. हे अन्यायाचं होतं, आणि तेव्हाही मला ते तसंच वाटायचं.

पण ताई नाचली नाही असं मात्र समजू नका. श्रावणात मंगळागौर असायची. नव्या नवरीच्या घरी रात्रभर जागर, आणि तिथे पुरुषांना मज्जाव. झिम्मा, फुगडी, पिंगा, पहाट होईपर्यंत. वर लाकडी माळा असेल तर खालच्या बिऱ्हाडाच्या छताची धूळ ताटात पडायची. मी दाराबाहेर उभा राहून फक्त आवाज ऐकलेला आहे. त्या आवाजात जाइव्हपेक्षा जास्त दम होता, हे मी हॉलमध्ये नाचलेला माणूस म्हणून सांगतो.

आणि तिथेही कपड्याचे प्रश्न तेच. १९६० नंतर नायलॉनच्या साड्या घरोघरी आल्या. धुवायला सोप्या, दिसायला झुळझुळीत, पण फुगडीत निऱ्या सुटायच्या. जुन्या बायका सुती नऊवारी कासोटा मारून निर्धास्त फिरायच्या आणि नव्या मुली एक हात निऱ्यांवर ठेवून. ताईने मला सांगितलं, माझ्या ब्लाउजची बाही दर मंगळागौरीला काखेत उसवते, काहीतरी कर. फुगडीत दोन्ही हात ताणून मागे झुकायचं असतं, सगळं वजन बाहीवर येतं. मी काखेत उरेब, म्हणजे तिरका, कापलेला चौकोनी तुकडा जोडून दिला, बँडवाल्या अंकलच्या कोटात अण्णा जोडायचे तसाच. त्या वर्षी बाही टिकली. पुढच्या श्रावणात चाळीतल्या सगळ्या मुली आपापले ब्लाउज घेऊन आमच्या ओट्यावर.

आईचा १९६० च्या दशकातला डान्सचा फ्रॉक ट्रंकेत सापडला. कमरेपासून भरपूर घेर, आत जाळीचे थर. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, तिला तो या नाताळच्या डान्सला घालायचा आहे. कंबर दोन इंच कमी पडते. काही करता येईल? — एक वाचिका, वसई

येईल, आणि घाई करा, कारण डिसेंबर लागला की कुठलाच टेलर दारात उभं करणार नाही.

आधी फ्रॉक उजेडात उलटा करून बघा. वर्णनावरून हा पूर्ण गोलाचा, अंब्रेला कटचा फ्रॉक आहे. आत जे जाळीचे थर आहेत तो कॅनकॅन. त्या काळी शिवणारीण वाढत्या अंगाचा विचार करून बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवायची. चोळीच्या, म्हणजे वरच्या भागाच्या, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जास्तीची माया असेल तर चारी पदर मिळून दोन इंच तिथेच सुटतील. माया नसेल तर बाजूला त्याच रंगाची पट्टी घाला, हात खाली असला की ती दिसणार नाही.

स्कर्टची कंबर वाढवायला वेगळं कापड लागत नाही. गोल स्कर्ट मधल्या भोकाने कमरेवर बसतो. भोक जरा मोठं केलं की कंबर वाढते, आणि गोलात फार थोडं कापावं लागतं: दोन इंच कंबर वाढवायला सगळीकडून जेमतेम पाव ते तीनअष्टमांश इंच. टेलरला सांगा, एकदम कापू नको, आधी खडूने आखून, कच्चा दोरा घालून, मुलीला घालून बघ. कापलेलं परत येत नाही.

कमरपट्टी पुन्हा जोडल्यावर फ्रॉक एक रात्र हँगरला टांगून ठेवा. गोल कापलेल्या स्कर्टचा काही भाग उरेबवर येतो आणि तो स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. कड आधीच खालीवर झालेली असेलच. रात्रभर लोंबल्यावर मुलीला टेबलावर उभं करा, जमिनीपासून पट्टीने मोजत सगळीकडे सारख्या उंचीवर खुणा करा आणि मगच कड दुमडा.

जाळी पिवळी पडली असेल तर घासू नका. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून बुडवून ठेवा, पिळू नका. सुती जाळी असेल तर तांदळाच्या पेजेची पातळ खळ द्या. तुमच्या आईने तेच केलं असणार. नायलॉनची असेल तर खळ धरणार नाही, तिथे नवीन जाळीचा एक थर आतून जोडावा लागेल. इस्त्री जाळीला लावू नका. कापडावर कुठे बारीक, कडा कडक झालेलं भोक दिसलं तर ती सिगारेटची ठिणगी. टेरिलीन असं वितळतं आणि त्याला रफू धरत नाही. त्यावर लहानसं कापडी फूल शिवा.

बूट रबरी तळाचे घेऊ नका, वर कारण दिलंच आहे. आणि आईंना विचारा, हा फ्रॉक कुठल्या हॉलमध्ये घातला होता आणि बँड कोणाचा होता. त्या सांगतील ते लिहून माझ्याकडे पाठवा, सोबत मुलीचा फोटो. नुसती उभी असलेला नको, गिरकी घेतलेला हवा. घेर किती उघडतो ते बघायचं आहे.